फाइलच्या नावात ‘किनाऱ्या’ला जागा हवी

महोदय,

संगणकात फाइलला नाव देताना कोणती चिन्हे चालू द्यावीत, हा वाद अभियंत्यांचा वाटतो. पण त्याची झळ तालुक्याच्या गावी दस्त टाइप करून देणाऱ्या आमच्यासारख्यांना रोज बसते. कोकणात जमिनीचे तुकडे इतके, की सर्व्हे नंबरपुढे तिरपी रेघ आणि हिस्सा नंबर आलाच: ४५/२/अ. ही रेघ विंडोजला चालत नाही आणि लिनक्स या दुसऱ्या संगणकप्रणालीलाही नाही, कारण फोल्डरचा मार्ग लिहिताना ती लागते. म्हणजे सातबाऱ्याच्या फाइलला ‘७/१२’ हेच नाव देता येत नाही! मग कोणी ७-१२ लिहितो, कोणी ७_१२, कोणी नुसतेच ७१२. पक्षकार समोर बसलेला असताना शोधायची वेळ आली की कपाळाला हात.

ते एक वेळ सोसू. उलट काही बंधने आणखी हवीत, असे माझे मत आहे. लिनक्समध्ये तिरपी रेघ आणि शून्य मूल्याचा बाइट (बाइट म्हणजे संगणकातले साठवणीचे एकक) वगळता नावात काहीही चालते, अगदी मधेच नवी ओळसुद्धा. बॅकअप घेणाऱ्या साध्या स्क्रिप्टला मग एका फाइलच्या दोन दिसतात. अशी नावे नाकारावीत, हे लिनक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स या मानकाच्या २०२४ च्या आवृत्तीने सुचवले आहे. उशिरा का होईना, बरे झाले. अक्षरांची दिशा उलटवणारे अदृश्य चिन्हही हद्दपार करावे. त्याच्या आडून एखादा घातक प्रोग्रॅम पीडीएफचे सोंग घेतो आणि माणूस नोटीस समजून तो उघडतो. आपल्याकडच्या उर्दू नावांचे यात काही बिघडणार नाही, उर्दू अक्षरांना त्यांची दिशा मुळातच असते.

हरकत आहे ती याच्या पुढच्या मागणीला. अदृश्य चिन्हे सरसकट बंद करा, किंवा फक्त रोमन अक्षरे, आकडे, टिंब, आडवी रेघ आणि अंडरस्कोर एवढेच ठेवा, असे म्हणणारे कमी नाहीत. त्यांना जे विचित्र, ते आमचे रोजचे. ‘किनाऱ्या’तला ऱ्या संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एकदा ऱ घेऊन, एकदा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. ते जोडचिन्ह अदृश्य म्हणून काढलेत तर किनाऱ्याचा ‘किनार्या’ होतो. बरे, दोन्ही तऱ्हा डोळ्यांना सारख्याच दिसत असल्या तरी संगणकाला निराळ्या, म्हणून एकाच फोल्डरमध्ये ‘किनाऱ्यालगतची जमीन’ नावाच्या दोन फाइली सुखाने नांदतात आणि शोधल्यावर सापडते एकच. यावर उपाय बंदी नव्हे. विंडोज एरवी लहान-मोठ्या रोमन अक्षरांतला फरक सोडून देते, तसे या दोन ऱ्यांना एकच मानावे.

आणि लांबीचेही पाहावे. लिनक्सवर फाइलचे नाव सहसा २५५ बाइटांत बसवावे लागते. रोमन अक्षराला एक बाइट, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजायचे. ‘किनाऱ्या’ एवढ्यालाच २४ बाइट गेले. म्हणजे इंग्रजीला २५५ चिन्हे, मराठीला ८५. विंडोजवर व्यवस्थित ठेवलेली ‘मयताचे वारस’ वगैरे लांबलचक नावांची फाइल लिनक्सवर नकलताना अडते ती यामुळेच. नियम नव्याने करायचेच असतील तर ही मर्यादा बाइटांत नव्हे, चिन्हांत मोजावी.

– एक दस्तलेखक, गुहागर