पेन्शनच्या खिडकीवरच्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव आणि तुमची शाखा मुद्दामच लिहीत नाही. चांगलं काम केलं म्हणून खुलासा द्यावा लागलेली माणसं आम्ही बघितली आहेत. पण आभार मानायचे राहिले तर चैन पडणार नाही, म्हणून हे उघड पत्र. तुमच्या खिडकीवर शिरोलीच्या फौंड्रीतून निवृत्त झालेले एक मोल्डर मामा आले होते. पिशवीत पासबुक, पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) झेरॉक्स, रेशनकार्ड आणि मामींच्या ऑपरेशनचं अंदाजपत्रक. एवढी खूण तुम्हाला पुरेल. खालचे आकडे थोडे बदलले आहेत, कारण मामांचा संसार चव्हाट्यावर मांडायचा नाही.

तुम्ही पासबुक काचेखालून आत घेतलंत, उघडलंत आणि परत फिरवून मामांच्या बाजूला सुलटं ठेवलंत. स्वतः मात्र उलट्या बाजूनं वाचत राहिलात. मग पेन्सिलीनं एकेका नोंदीपुढं बारीक खूण करत गेलात. पेन नव्हे, पेन्सिल. पासबुक त्यांचं आहे, खूण नको असली तर खोडता यावी. "ही पेन्शन. हे पोस्टातल्या ठेवीचं व्याज. ही एफडी संपली ती. मामा, हे दोन लाख उत्पन्न न्हवं, ह्या खिशातनं त्या खिशात गेल्यात. वरचं चौदा हजार तेवढं व्याज, ते मात्र धरायचं." मामा चष्मा काढून पुन्हा घालत प्रत्येक खुणेवर बोट ठेवत होते. मागं रांग होती. तुम्ही रांगेकडं एकदा बघितलंत, "पाच मिनिटं हं" म्हणालात, आणि रांगही गप्प राहिली.

बघणाऱ्याला यात काय विशेष, असं वाटेल. आमच्यासारख्या निवृत्त कामगारांचे कागद गोळा करत फिरणाऱ्यांना विचारा. उपचाराच्या सवलतीसाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला चुकतो तो इथंच, पासबुकाच्या जमेच्या रकान्यात.

तुमच्याआधी दोन ठिकाणी काय झालं ते सांगतो. पहिल्या ठिकाणी बसलेल्या साहेबांनी पेन्शनची शेवटची नोंद बघितली, १०,७५० रुपये, आणि बारानं गुणलं. झाले १,२९,०००. आता मामांची ईपीएस-९५ ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडवाल्यांची पेन्शन महिना २,१५०. हयातीचा दाखला वेळेत गेला नाही म्हणून ती पाच महिने थांबली होती, आणि दाखला दिल्यावर थकबाकी एकदम जमा झाली. फौंड्रीत हयात घालवलेल्या माणसाला महिना पावणेअकरा हजार ईपीएस पेन्शन बसते का, हा प्रश्न साहेबांना पडला नाही. ज्या योजनेत किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपयांवर थांबली आहे, तिच्या पेन्शनराची नोंद बघताना एवढी शंका यायला हरकत नव्हती. दुसऱ्या ठिकाणी गुणाकार झाला नाही, पण एफडीचे २,१४,३७२ रुपये सरसकट उत्पन्नात धरले गेले. "जमा आहे ना? मग उत्पन्नच." पुढं बोलायची सोय नाही.

खरा हिशेब तुम्ही पाठकोऱ्या कागदावर मांडलात. पेन्शन वर्षाची २५,८००. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पाच लाख, ८.२ टक्क्यांनं तिमाहीला १०,२५०, म्हणजे वर्षाला ४१,०००. एफडीचं व्याज १४,३७२. मामींच्या नावावरच्या एका म्हशीचं दूध बिल, पशुखाद्य कापून २४,०००. एकूण १,०५,१७२. पहिल्या साहेबांच्या गुणाकारानं हाच आकडा २,०८,३७२ होतो, दुसऱ्यांच्या बेरजेनं ३,०५,१७२.

या फरकावर मामींचं ऑपरेशन अडलं होतं. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत असतात, त्यासाठी उत्पन्न १,८०,००० च्या आत लागतं. आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात, मर्यादा ३,६०,०००. मुख्यमंत्री सहाय्यता निधीला १,६०,००० ची अट. म्हणजे खऱ्या आकड्यानं मामी मोफत खाटेत बसतात आणि निधीलाही अर्ज करता येतो. चुकीच्या आकड्यांनी निधीचं दार बंद, आणि रुग्णालयात अर्ध्या बिलाची तजवीज करा.

कुणी म्हणेल, महात्मा फुले योजना आहे की. आहेच, आणि पहिल्यांदा तीच बघायची. आपल्याला हप्ता भरावा लागत नाही, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण मिळतं, रेशनकार्डावर काम होतं. पण उपचार यादीत बसला पाहिजे आणि रुग्णालय योजनेत पाहिजे. सत्तरी ओलांडली की ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, तिथं उत्पन्न कुणी विचारतच नाही. पंचाईत होते ती मधल्यांची. अठ्ठावन्नला पेन्शन सुरू झालेली, सत्तरीला अवकाश, आणि उपचार यादीबाहेरचा. अशा घराला तहसीलदारांच्या दाखल्याशिवाय वाट नाही. मामी सदुसष्ट वर्षांच्या आहेत.

(ज्या कामगारांचा ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विमा, पगारातून कापला जात होता त्यांच्यासाठी एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. किमान पाच वर्षं विमा असलेला कामगार वयोमानानं निवृत्त झाला, तर वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांना ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात. महिन्याला दहा रुपये! निवृत्तीच्या दिवशी हार-नारळ देणारा कारखाना हे सांगायला हमखास विसरतो.)

तुम्ही दिलेलं पत्र आम्ही बारकाईनं वाचलं. एका पानाचं, पण त्यात सगळं आलं होतं. कालावधी १ एप्रिल ते ३१ मार्च असा स्पष्ट. पेन्शनची वर्षाची एकूण जमा, आणि शेजारी "यात मागील पाच महिन्यांची थकबाकी समाविष्ट" एवढी एक ओळ. त्या ओळीनं गुणाकाराचं भूत गाडलं. व्याज वेगळं. ठेवीची मुद्दल वेगळी, "मुदतपूर्तीनंतर पुन्हा गुंतवलेली" अशा शब्दांत. मासिक पेन्शन किती हेही वेगळं लिहिलंत, कारण एप्रिलमध्ये दोन नोंदी दिसतात. मार्चची पेन्शन १ एप्रिलला किंवा त्यानंतर जमा होते आणि एप्रिलची महिनाअखेरीला. ते बघून पेन्शन दुप्पट धरणारेही आम्हाला भेटले आहेत.

आणि पासबुक बरेच महिने भरलं नव्हतं म्हणून मधल्या नोंदी एका ओळीत गोळा होऊन छापल्या होत्या, ते तुमच्या लगेच लक्षात आलं. न मागता खातेउतारा काढून दिलात. तो नसता तर अर्ज तिथंच "त्रुटी" म्हणून परत आला असता.

तुम्ही नियम वाकवला नाहीत, हे मुद्दाम नोंदवायचं आहे. व्याजाचा एक रुपया लपवला नाहीत. मामा भीत भीत म्हणाले होते, "ताई, व्याज नाही दाखवलं तर चालंल का?" तुम्ही हसून म्हणालात, "कशाला? दाखवूनसुद्धा बसतंय की." आपल्याकडं मदत म्हणजे कायतरी खालीवर करणं, असा समज घट्ट बसला आहे. कचेरीबाहेरचा एजंट त्याच समजावर पोट भरतो. कमी उत्पन्नाचा दाखला काढून देतो म्हणून पैसे घेतो आणि पुढं चौकशी झाली की फोन उचलत नाही. खरा आकडा नीट मांडला तर बहुतेक पेन्शनर मर्यादेत बसतात, इतकी ती पेन्शन थोडी आहे. वाईट वाटावं अशीच ही गोष्ट.

सज्जन माणूस म्हणजे प्रत्येक वेळी पदरचं काहीतरी देणारा, असं थोडंच आहे? खुर्चीवर बसून समोरच्याला त्याचाच कागद समजेल असा वाचून दाखवला, तरी पुष्कळ झालं. कोल्हापूरची माणसं तोंडानं फटकळ, तुम्हीही "मामा, हयातीचा दाखला वेळेत द्या, परत बोंबलत येऊ नका" असं दटावलंतच. मामा त्यावर खूश होते. आपलं माणूसच असं बोलतं.

पुढचं थोडक्यात. तुमचं पत्र, खातेउतारा, दूध संस्थेच्या सचिवांचा बिलाचा दाखला, सातबारा आणि आठ-अ, तलाठ्यांचा अहवाल आणि स्वयंघोषणापत्र असं सगळं 'आपले सरकार' पोर्टलवर चढवलं. जमीन तिघा भावांत सामाईक आणि ऊस थोरल्याच्या नावानं कारखान्याला जातो. यंदा लावण नवी असल्यामुळं बिल नव्हतं, तेही अहवालात लिहून घेतलं. करवीर तहसीलचा दाखला मुदतीत हातात पडला, आकडा तुमच्या कागदावरचाच. तो रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांकडं दिला, मामींची खाट मंजूर झाली, ऑपरेशन झालं. मामी घरी आहेत, म्हशीकडं सध्या मामा बघतात आणि दूध कमी निघतंय अशी मामींची तक्रार आहे.

एक विनंती आहे. तुमच्या पत्राची नाव आणि खाते क्रमांक झाकलेली प्रत आम्ही नमुना म्हणून ठेवली आहे. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळं एप्रिलमध्ये बरेच पेन्शनर नव्यानं अर्ज करतील. त्यांना हा नमुना घेऊन आपापल्या बँकेत "असंच द्या" असं सांगता येईल. तुमची हरकत असेल तर मामांच्या हाती निरोप पाठवा. ते हयातीचा दाखला द्यायला तुमच्याकडंच येणार आहेत, आणि या वेळी मुदतीच्या आधी, असं त्यांनी स्वतः सांगितलंय.

आपले,
निवृत्त कामगारांचे कागद बघणारे काहीजण, कोल्हापूर