आज कोण आलं नाही?

प्रिय बाळ,

एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या गटाने तुला प्रमुख म्हणून निवडलं आणि तू विचारलंस, पहिल्या महिन्यात कशाला हात घालू? मेळावा, प्रशिक्षण, की निवेदनं? आम्हाला विचारशील तर यांतल्या कशालाच नको. पहिला महिना तारखांच्या रजिस्टरपाशी बस. केंद्रावरून एचआयव्हीच्या गोळ्या न्यायला कोण कधी यायचं होतं आणि आज कोण आलं नाही, एवढं रोज संध्याकाळी बघ. या कामातलं बाकी सगळं, अगदी मोर्चासुद्धा, त्या यादीतूनच उगवतं.

ठरलेली तारीख उलटून 28 दिवस गेले की बहुतेक कार्यक्रमांत ‘उपचार खंडित’ अशी नोंद होते. तोपर्यंत थांबलीस तर फार उशीर झाला. तारखेच्या दोन-तीन दिवस आधी आठवण, चुकली तर दुसऱ्या दिवशी फोन, नाही लागला तर वेगवेगळ्या वेळी आणखी दोन फोन, आणि आठवड्याच्या आत प्रत्यक्ष भेट. हे सगळं कसं करायचं ते मात्र त्या माणसाने आधीच ठरवून दिलेलं असायला हवं. पहिल्या भेटीतच विचारून लिहून ठेव: फोन कोणाचा आहे, घरात आणखी कोण उचलतं, किती वाजता करायचा, दुसऱ्याने उचलला तर स्वतःची ओळख काय सांगायची, घरी आलेलं चालेल का, की बाहेर कुठे भेटायचं. ‘घरी येऊ नका’ असं कुणी सांगितलं असेल तर ते शेवटचं. काळजीपोटीसुद्धा तो शब्द मोडायचा नाही.

बहुतेक गोंधळ इथेच होतात. संस्थेचं नाव लिहिलेली गाडी दारात उभी राहते. कार्यकर्ता गळ्यात ओळखपत्र घालून पत्ता विचारत फिरतो. ‘तुमच्या एआरटीची तारीख’ (एआरटी म्हणजे एचआयव्हीवरचा औषधोपचार) असा मेसेज येतो आणि तो वाचतं दुसरंच कुणी. एका चुकीने ते माणूस गटापासून कायमचं तुटतं, शिवाय त्याला ओळखणारी आणखी चार जणंही यायची थांबतात. म्हणून मेसेजमध्ये आजाराचं, औषधाचं, केंद्राचं नाव नको. सोबत नेण्याच्या यादीत फक्त सांकेतिक क्रमांक ठेव. क्रमांक आणि नाव जुळवणारी वही वेगळ्या कपाटात, कुलपात, आणि किल्ली दोघांकडेच. गटाच्या व्हॉट्सॲपवर कुणाचंही नाव टाकायचं नाही, ‘फक्त आपल्यातच’ म्हणूनसुद्धा नाही.

खंड पडलेलं माणूस परत आलं की पहिलं वाक्य ‘आलात, बरं वाटलं’ एवढंच असू दे. ‘इतके दिवस कुठे होता?’ हा प्रश्न कितीही मायेने विचारला तरी उलटतपासणीसारखा लागतो. गोळ्या का सुटल्या ते सावकाश कळतं, आणि कारण बहुधा निष्काळजीपणाचं नसतं. एक दिवस केंद्रावर गेला की त्या दिवसाचा रोजगार बुडतो. काम बदललं, मुक्काम बदलला. घरात कुणाला सांगितलेलं नाही आणि डबी हलवली की गोळ्या खुळखुळतात, म्हणून ती उघडायचीच भीती. यावर साधा उपाय आहे, डबीत कापसाचा बोळा घालायचा. मात्र गोळ्यांसोबत ओल शोषणारी पुडी असेल तर ती काढायची नाही, आणि गोळ्या मूळ डबीतून दुसरीकडे हलवण्याआधी औषध देणाऱ्याला विचारायचं. काहींना तर बरं वाटू लागलं म्हणूनच त्यांनी गोळ्या सोडलेल्या असतात.

परत आलेल्याला नुसत्या गोळ्या देऊन पाठवू नका. मोठा खंड पडला असेल तर सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, तपासायला सांगा. मोठ्या माणसात तो 200 च्या खाली असला की आजार पुढच्या टप्प्यावर गेला असं धरतात. मग क्षयाची आणि क्रिप्टोकॉकस या बुरशीच्या संसर्गाची तपासणी, संसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमोक्साझोल, हे सगळं ओघाने आलं. आधाराशिवाय चालता येत नाही, श्वास मिनिटाला 30 किंवा जास्त, ताप 39 अंश सेल्सिअस किंवा वर, अशांपैकी एकही खूण दिसली तर समुपदेशन नंतर, आधी दवाखाना. न थांबणारी डोकेदुखी असेल तरी तसंच. हे कार्यकर्त्यांना पाठ असायला हवं, कारण त्या माणसाला घरात पाहणारे तेच असतात.

गोळ्यांविषयी तुझ्या गटातल्या प्रत्येकाला किती माहिती हवी? आमचं म्हणणं, डॉक्टर सांगतील त्याहून कमी नको. दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन या चळवळीने 1998 पासून नेमकं हेच केलं. विषाणू म्हणजे काय, गोळी त्याला कुठे अडवते, हे लोकांना त्यांच्या भाषेत शिकवलं. त्याला ते उपचार-साक्षरता म्हणत. गरोदर बाईकडून बाळाला होणारी लागण रोखण्यासाठी सरकारने नेविरापिन हे औषध द्यावं म्हणून ते कोर्टात गेले आणि 2002 साली तिथल्या घटनात्मक न्यायालयात जिंकले. औषध समजलेल्या माणसांनी ते औषध मागितलं, म्हणून त्या मागणीला जोर आला.

आज बहुतेक मोठ्या माणसांना दिवसाला एक गोळी असते: टेनोफोव्हिर 300 मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन 300 मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्रॅव्हिर 50 मिलिग्रॅम. जेवणाआधी, जेवणानंतर, कधीही चालते. पण लोह, कॅल्शियम किंवा ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेलं आम्लपित्ताचं औषध सोबत घेतलं की डोल्युटेग्रॅव्हिर पोटात नीट शोषलं जात नाही. म्हणून गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. लोह आणि कॅल्शियम तेवढं जेवणासोबत एकत्र घेतलं तर चालतं. गरोदर बायकांना लोह-कॅल्शियम जवळजवळ नेहमी दिलं जातं, त्यामुळे त्यांना हे आवर्जून विचार. क्षयासाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्रॅव्हिर दिवसातून दोनदा लागतं. जादा गोळी द्यायची राहून गेली आहे का, हे कार्यकर्त्याने कागद बघून विचारायला हवं. गोळी चुकली तर आठवताच घ्यायची. पुढच्या गोळीला चार तासांपेक्षा कमी उरले असतील तर चुकलेली सोडून द्यायची. दोन एकदम कधीच नाही.

उपचाराचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक. सीडी-फोर फार खाली गेलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती परत येऊ लागली की शरीरात दडलेला क्षय किंवा दुसरा संसर्ग उसळून वर येतो. ताप येतो, गाठी सुजतात आणि माणूस म्हणतो, ‘गोळ्यांनीच माझं वाटोळं केलं.’ असं होऊ शकतं आणि तेव्हा गोळ्या न सोडता लगेच दाखवायला यायचं, हे सुरुवातीलाच सांगितलेलं असेल तर तो टिकतो. आधी सांगितलेली गोष्ट इशारा ठरते, नंतर सांगितली की ती सबब वाटते.

व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची तपासणी, सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि पुढे वर्षातून एकदा. आकडा मिलिलिटरला 1000 च्या वर आला तर दोष न देता अडचण शोधायची, साथ वाढवायची आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचा. विषाणू तपासणीत सापडत नाही इतका कमी आणि तसाच टिकून असेल तर लैंगिक संबंधातून एचआयव्ही जोडीदाराकडे जात नाही. पार्टनर नावाच्या अभ्यासात हजारो वेळा निरोधाविना संबंध येऊनही एकही लागण त्या जोडीदाराकडून झाल्याचं आढळलं नाही. ही गोष्ट दबक्या आवाजात सांगू नकोस. कित्येक माणसं स्वतःला धोका समजून वर्षानुवर्षं कुणाजवळ जात नाहीत, आणि हे एक वाक्य त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरवतं. पण पूर्ण सांग: इतर गुप्तरोग यामुळे टळत नाहीत, आणि स्तनपानाचा हिशेब वेगळा, तिथे धोका खूप कमी होतो पण शून्य म्हणता येत नाही.

आता पुढारपणाचं. 1983 साली अमेरिकेतल्या डेन्व्हरमधल्या एका आरोग्य परिषदेत एड्स झालेल्या काही जणांनी एक निवेदन मांडलं. आम्हाला बळी म्हणू नका, रुग्णही आम्ही कधीमधीच असतो, आणि आमच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांच्या मंडळांवर आम्ही असायला हवं. तेव्हा या आजारावर औषध नव्हतं. मागणी करणारे स्वतः मरणाच्या दारात होते, तरी त्यांनी दया मागितली नाही, खुर्ची मागितली. 1994 साली पॅरिसच्या परिषदेत 42 देशांच्या सरकारांनी एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या सहभागाचं तत्त्व मान्य केलं. म्हणून ‘एड्सग्रस्त’, ‘पीडित’ हे शब्द तुझ्या अहवालात नकोत. ‘एचआयव्हीसह जगणारे’ म्हणताना एक शब्द जास्त लागतो, तो लागू दे.

सहभाग खरा की दिखाऊ हे ओळखायला बैठकीचा कागद पुरेसा आहे. विषयपत्रिका किती दिवस आधी मिळाली? कोणत्या भाषेत? चेकवर सही कोणाची? मंडळावर एकच जण बसवला की तो एकटा पडतो आणि होला हो करतो, म्हणून किमान दोघं हवीत. येण्याजाण्याचा खर्च, बुडालेली मजुरी आणि लेकराला सांभाळायची सोय संस्थेने करायची. 2001 साली दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये मदर्स टू मदर्स या संस्थेचं काम सुरू झालं. त्यात एचआयव्हीसह जगणाऱ्या आयाच नव्या आयांना धीर देतात, आणि त्यासाठी त्यांना पगार मिळतो. अनुभवाला मोल आहे असं भाषणात म्हणायचं आणि मानधन मात्र समुपदेशकालाच द्यायचं, हे तुझ्या गटात होता कामा नये.

आणखी एक, आणि हे फार जपून. कार्यक्रमात ‘आपली कहाणी सांगा’ म्हणून कुणालाही उभं करू नकोस. दक्षिण आफ्रिकेतल्या गुगू द्लामिनी यांनी 1998 च्या जागतिक एड्स दिनाच्या सुमारास आपण एचआयव्हीसह जगतो हे जाहीरपणे सांगितलं, आणि त्याच महिन्यात जमावाने त्यांना मारहाण करून ठार केलं. उघडपणे बोलणं हे धैर्याचं काम आहेच, पण बोलून घरी परतल्यावर काय, याचा विचार बोलावणाऱ्याने करायचा असतो. घरात कोणाला माहीत आहे, मुलांच्या शाळेत कळलं तर काय, फोटो इंटरनेटवर गेला तर तो पुन्हा पुसता येत नाही, हे आधी बोलून घे. लेखी होकार घे, आणि ऐन वेळी ‘नको’ म्हणायची मोकळीक ठेव. जोडीदाराला सांगण्याचंही तसंच. मारहाणीची भीती आहे का हे आधी विचारायचं, सल्ला त्यानंतर. तुलाही लोक विचारतील, ‘तुम्ही पॉझिटिव्ह आहात का?’ सांगायचं की नाही हे तुझं तू ठरव. एवढंच कर, ‘नाही’ हे उत्तर घाईघाईने देऊ नकोस. त्या घाईतून समोरच्याला कळतं की या बाईलाही त्या शब्दाची भीती वाटते.

निवेदनांकडे आत्ता वळू, कारण आता तुझ्याकडे यादी आहे. ‘औषधांचा तुटवडा आहे’ या वाक्याने कुणाची झोप उडत नाही. कोणतं औषध, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती जणांना 30 दिवसांऐवजी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या, किती जण रिकाम्या हाती परतले, त्यांतले किती पुन्हा आलेच नाहीत, हे लिही. नावं नकोत, आकडे हवेत. आधी केंद्राच्या प्रमुखाला भेट. पुष्कळदा त्यांनाही वरून माल आलेला नसतो आणि तुझा कागद त्यांच्या कामी येतो. उत्तरासाठी तारीख ठरवून घे, त्या दिवशी पुन्हा जा, नाही झालं तर वरच्याकडे. आणि ज्यांच्याकडून माहिती घेतलीस त्यांना काय झालं ते जाऊन सांग. हे शेवटचं पाऊल बहुतेक गट विसरतात, आणि पुढच्या वेळी लोक तोंड उघडत नाहीत.

ज्यांची तब्येत स्थिर आहे त्यांना तीन किंवा सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाव्यात, ही मागणी लावून धर. मोझांबिकमधल्या तेते प्रांतात 2008 पासून जास्तीत जास्त सहा जणांचे गट झाले. पाळीपाळीने एक जण केंद्रावर जातो, स्वतःला तपासून घेतो आणि सर्वांच्या गोळ्या आणतो. असे गट करायचे तर माणसांना आपले सोबती स्वतः निवडू दे. कार्यकर्त्याने यादीवरून जुळवलेला गट फुटतो, आणि फुटताना गुपितंही बाहेर पडतात.

पैशाचं थोडक्यात सांगतो. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, तेव्हा अनेक देशांतल्या समुदायांच्या संस्था आठवड्याभरात बंद पडल्या. एकाच देणगीदारावर सगळं टाकू नकोस, आणि निधी थांबला तर तारखांचं रजिस्टर कोण चालवणार हे आजच कागदावर लिहून ठेव.

एक राहिलं. तुझे निम्मे कार्यकर्ते स्वतः गोळ्या घेणारे आहेत. दिवसभर दुसऱ्यांच्या तारखा सांभाळताना स्वतःची तारीख चुकवणारे तेच असतात, आणि लाजेपोटी सांगत नाहीत. त्यांचा पाठपुरावा तुझ्याकडे नको, तू त्यांची वरिष्ठ आहेस. त्यांनी आपसांत जोड्या लावाव्यात, आणि केंद्रावर जायचा दिवस पगारी धरावा. सोमवारच्या बैठकीत कामाचा आढावा घेण्याआधी जोडीदाराने जोडीदाराला बाजूला घेऊन विचारायचं, ‘तुझी तारीख कधी?’ तेवढी पाच मिनिटं सोडून मग बैठक सुरू कर.

तुझे,
आई आणि बाबा