मनाली सहल : नावे रविवारी द्यावीत

सर्व सभासदांना नमस्कार. मे महिन्यातल्या मनाली सहलीची बैठक येत्या रविवारी सकाळी १० वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये आहे. चंदीगडपर्यंत रेल्वे, पुढे रात्रीची बस. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते, म्हणून नाव, वय आणि आगाऊ रक्कम त्याच दिवशी द्यावी. नंतर "आमचंही एक नाव घाला ना" चालणार नाही.

• बियास नदीत कुणीही उतरायचे नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. काठ शांत दिसला तरी वरून पाणी कधी सुटेल याचा नेम नसतो. जून २०१४ मध्ये लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले होते. मुलांची जबाबदारी पालकांची.

• रोहतांग खिंड (३,९७८ मीटर) मेमध्ये खुली असेलच असे नाही, शिवाय परवाने मोजकेच मिळतात. बंद असल्यास अटल बोगद्यातून सिस्सूला जाऊ.

• दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

• स्वेटर प्रत्येकी एक पुरे. लोणची-चटण्या मात्र वाटून आणाव्यात, गेल्या वेळी सगळ्यांनी शेंगदाण्याचीच आणली होती!

– सहल समिती