दुबईतल्या फ्लॅटचे सात टक्के

संपादक महोदय,

पुण्या-मुंबईच्या बड्या हॉटेलांत शनिवार-रविवारी दुबईच्या बिल्डरांची प्रदर्शने भरतात. 'सात टक्के भाडे, तेही करमुक्त' हा त्यांचा ठरलेला मजकूर. दुबईत घरभाड्यावर प्राप्तिकर नाही, हे खरे. पण निवासी भारतीयाला जगभरच्या उत्पन्नावर इथे कर भरावा लागतो, हे त्या टेबलावर कोणी सांगत नाही.

हिशेब मांडून पाहा. 15 लाख दिरहमचा, 800 चौरस फुटांचा फ्लॅट धरा. दुबई लँड डिपार्टमेंटचे नोंदणी शुल्क 4 टक्के, दलाली 2 टक्के, दलालीवर 5 टक्के व्हॅट. फ्लॅट पडला 15,91,500 दिरहमना. सात टक्क्यांनी वर्षाचे भाडे 1,05,000; एक महिना रिकामा गेला की 96,250. सर्व्हिस चार्ज फुटाला 16 दिरहम धरला तर 12,800, देखरेख करणाऱ्या कंपनीचे 5 टक्के. भारतात भाड्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, सर्व्हिस चार्ज वेगळा वजा होत नाही. म्हणून 30 टक्के प्राप्तिकराच्या टप्प्यातल्या माणसाला उपकरासह सुमारे 21,000 कर. हातात राहिले साडेसत्तावन्न हजार, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या किंचित वर. भाव चढेल ही आशा वेगळी. तो 2008 नंतर निम्म्याच्या खाली आला होता आणि 2014 पासून पुढची काही वर्षे घसरतच होता.

खरी गफलत मात्र पैसे पाठवताना होते. एलआरएस, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर जातात. दिरहम डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला असल्याने वरचा फ्लॅट चार लाख डॉलरच्या वर जातो. नवरा-बायकोने मिळून पैसे पाठवायचे तर दोघेही सहमालक हवेत. पैसे परदेशी पाठवताना भरायच्या बँकेच्या ए-2 अर्जावर परदेशी स्थावर मालमत्तेचा संकेतांक एस-0005 पडला पाहिजे. 'नातेवाइकाच्या चरितार्थासाठी' लिहून पाठवलेले पैसे फेमाचा, म्हणजे परकीय चलन कायद्याचा भंग ठरतात आणि दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. क्रेडिट कार्डावर टोकन घासणे किंवा त्यासाठी इथल्या बँकेचे कर्ज काढणे, दोन्ही नियमांत बसत नाही. प्रदर्शनात कार्डाचे यंत्र मात्र हटकून हजर असते. वर्षाला 10 लाख रुपयांपुढच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, वर घेते. 50 लाख पाठवले तर 8 लाख जास्तीचे लागतात. ते कराच्या हिशेबात वळते होतात, पण तोवर अडकून पडतात.

बांधकाम चालू असलेला प्रकल्प असेल तर पैसे फक्त त्या प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यात (त्याच बांधकामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात) भरावेत, दलालाच्या किंवा बिल्डरच्या चालू खात्यात कधीही नाही. तिथला एस्क्रो कायदा 2007 चा आहे. प्रकल्पाची नोंद आणि काम कुठवर आले ते 'दुबई रेस्ट' या सरकारी अॅपवर दिसते. आपल्या नावाची 'ऊकूद' नोंद, म्हणजे बांधकाम चालू असतानाच्या खरेदीची सरकारी नोंद, झाल्याचा कागद मागून घ्यावा. व्यवहार फिसकटून पैसे परदेशी खात्यात पडून राहिले तर 180 दिवसांत परत आणावे लागतात.

विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, म्हणजे शेड्यूल एफएमध्ये, हा फ्लॅट पहिल्या हप्त्यापासून दाखवावा. 'ताबाच नाही, मग दाखवायचे काय?' हा युक्तिवाद महागात पडतो. काळ्या पैशाच्या कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर 2024 पासून 20 लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला त्या दंडातून सूट मिळाली, पण स्थावर मालमत्ता त्यातून मुद्दाम वगळली आहे.

पुण्यातल्या बिल्डरला जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड छापावा लागतो. दुबईच्या प्रकल्पाला ते बंधन नाही. निदान वृत्तपत्रांनी तरी अशी जाहिरात घेताना प्रकल्पाचा दुबईतला नोंदणी क्रमांक मागावा आणि छापलेले टक्के ढोबळ भाड्याचे की खर्च वजा जाता, हे तिथेच लिहायला लावावे.

— एक करसल्लागार, पुणे