रोबोटिक शस्त्रक्रियेआधी रुग्णाला पुरती माहिती द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेसाठी खानापूर, निपाणी, चिकोडी भागांतले रुग्ण बेळगावला येतात, नाहीतर कोल्हापूर-मिरज गाठतात. आता त्यांच्यापुढे ‘रोबोटने करायची का?’ असा प्रश्न ठेवला जाऊ लागला आहे. सरकारी सेवेत शल्यचिकित्सक म्हणून काम केलेले असल्याने नातेवाईक माझ्याकडे सल्ल्याला येतात, तेव्हा लक्षात येते की निर्णयासाठी लागणारी माहिती त्यांना कोणी दिलेलीच नसते.

यंत्र स्वतःहून शस्त्रक्रिया करते, हा समज अजूनही सर्रास आढळतो. वास्तविक शल्यचिकित्सक त्याच खोलीत कन्सोलवर, म्हणजे यंत्राच्या नियंत्रण-मेजावर, बसून प्रत्येक हालचाल स्वतः करतो. यंत्र त्याला त्रिमितीय दृश्य आणि मनगटासारखी वळणारी उपकरणे पुरवते. या वळणाचा खरा उपयोग गुदाशयाच्या कर्करोगात होतो, कारण तेथे कटीच्या अरुंद पोकळीत लघवीच्या आणि लैंगिक क्रियेच्या नसा सांभाळून काम करावे लागते. आतडे पोटातल्या पोटात जोडून टाके घालणेही सोपे जाते. आतड्याच्या उजव्या भागाची शस्त्रक्रिया मात्र अनुभवी हात साध्या दुर्बिणीनेही उत्तम करतात, आणि तेथे केवळ यंत्रासाठी जास्त पैसे मोजायला मी कोणालाही सांगणार नाही.

पुरावाही सरसकट एका बाजूचा नाही. गुदाशयाच्या कर्करोगावर दहा देशांत ४७१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दुर्बिणीची शस्त्रक्रिया अर्धवट सोडून पोट उघडावे लागण्याचे प्रमाण १२.२ टक्के, तर रोबोटिकमध्ये ८.१ टक्के होते. पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. पुढे चीनमधील मोठ्या चाचणीत गुदाशयाच्या मधल्या व खालच्या भागातील कर्करोग तीन वर्षांत त्याच जागी वा आसपास उलटण्याचे प्रमाण रोबोटिकमध्ये १.६ टक्के आणि दुर्बिणीत ४ टक्के आढळले. ही कामगिरी सरावलेल्या शल्यचिकित्सकांची होती, हे जाहिरात वाचताना विसरता कामा नये. म्हणूनच ‘आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या, त्यांपैकी किती वेळा पोट उघडावे लागले, किती जणांची आतड्याची जोडणी गळली?’ असे डॉक्टरांना विचारण्यात उद्धटपणा नाही. उत्तर देणे त्यांचे कर्तव्य आहे.

खर्चाचेही तसेच आहे. रोबोटच्या उपकरणांच्या वापराची संख्या उत्पादकानेच ठरवून दिलेली असते, ती संपली की यंत्र ते उपकरण स्वीकारत नाही, आणि हा खर्च शेवटी बिलात उतरतो. विमा नियामकाच्या २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार कंपन्यांना रोबोटिक शस्त्रक्रिया पूर्णपणे वगळता येत नाही. रकमेवर मर्यादा मात्र घालता येते. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. त्यातून यंत्राचा खर्च भागणार की वरची रक्कम घरून आणावी लागणार, हे दाखल होण्यापूर्वीच लेखी मिळाले पाहिजे.

त्यातच संमतीपत्र बहुतेक ठिकाणी इंग्रजीत, फार तर कन्नडमध्ये असते, आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी घाईघाईने त्यावर सही घेतली जाते. मल गोळा करणारी पिशवी पोटावर काही महिने किंवा कायमची बसवावी लागेल, या शक्यतेचा उल्लेख त्यात असतो, पण मराठी कुटुंबाला तो शस्त्रक्रियेनंतर कळतो. जिल्हा आरोग्य विभागाने डॉक्टरांच्या संघटनेशी बोलून मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतील संमतीपत्राचा नमुना तयार करावा, त्यात डॉक्टरांचा अनुभव, पर्यायी शस्त्रक्रिया आणि दोन्हींच्या खर्चातील फरक यांसाठी रकाने ठेवावेत, आणि तो रुग्णाला किमान एक दिवस आधी घरच्यांसोबत वाचायला द्यावा, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शल्यचिकित्सक, खानापूर