झाडांचे फोटो छापले, बिलांच्या तारखाही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला शाश्वत उद्योगांवरचा पानभर लेख वाचला आणि संताप आला. माणूस, निसर्ग आणि नफा या तिघांचा तोल लेखातल्या कंपनीने कसा साधला याचं भरभरून कौतुक आहे. पण त्या तोलाचे पैसे कोणाच्या खिशातून गेले, याबद्दल एक ओळ नाही. माझ्यासारख्यांच्या खिशातून ते जातात, म्हणून हे पत्र.

सोलापूरच्या पूर्व भागात माझे टॉवेलचे माग आहेत. अशाच एका बड्या खरेदीदाराचं काम मी काही वर्षं केलं. त्यांचे साहेब तपासणीला आले. आग विझवायचं नळकांडं, प्रथमोपचाराची पेटी, पिण्याचं पाणी, बायकांसाठी वेगळं शौचालय, सगळं पाहिलं, फोटो काढले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कामगाराला हे मिळालंच पाहिजे. मग रंगाचा विषय निघाला. घातक रसायनं नसलेलाच रंग हवा, त्याला प्रयोगशाळेचा दाखला हवा, आणि सूत जिथे रंगवून घेतो तिथे सांडपाण्यावर प्रक्रिया होते याचा कागद हवा. तेही मान्य केलं आणि डाईंग, म्हणजे सूत रंगवून घ्यायचा कारखाना, बदललं.

नव्या ठिकाणचा दर जास्त होता आणि तो असणारच. सुती धाग्यावर रिॲक्टिव्ह रंग बसवायला मीठ आणि सोडा भरपूर लागतो. तरीही थोडा रंग धाग्याला धरत नाही, तो पाण्याबरोबर वाहून जातो. रंग एक वेळ काढता येतो, पण विरघळलेलं मीठ साध्या प्रक्रियेने निघत नाही. त्यासाठी आरओ, म्हणजे पाणी दाबाने बारीक पडद्यातून गाळायचं यंत्र, लागतो आणि उरलेलं खारं पाणी आटवायची यंत्रणा लागते, म्हणजे वीज आली, वाफ आली. हे सगळं करणारा आणि लाल-निळं पाणी सरळ नाल्यात सोडून देणारा, दोघांचा दर सारखा कसा असेल? नाल्यात सोडणारे आमच्यात आहेत. त्यांच्यावर कारवाई झालीच पाहिजे. उजनी धरण भरलेलं असतानाही ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे पाणी नासवणाऱ्याची बाजू मी घेणार नाही.

एवढं करून दराची बोलणी करायला बसलो, तर साहेब म्हणाले दर जुनाच राहील. रंगाईचा वाढीव खर्च कागदावर मांडून दाखवला. त्यावर उत्तर मिळालं, "अण्णा, पर्यावरण ही सगळ्यांची जबाबदारी आहे." सगळ्यांची असेल तर खर्चही सगळ्यांचा हवा ना? टॉवेलवर हिरवं लेबल लागलं, दुकानातली किंमत वाढली, पण त्यातला एक रुपया सोलापूरला आला नाही.

पैशाचं रडगाणं तर वेगळंच. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यात स्वच्छ लिहिलं आहे की माल पोचल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर पोचल्याच्या दिवसापासून पैसे चुकते करायची मुदत मोजायची. करार काहीही असो, ती ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आमच्या खरेदीदाराचं म्हणणं मात्र असं की मुदत 'क्वालिटी मंजूर झाल्यापासून' सुरू होते. मंजुरी कधी? तर त्यांच्या मर्जीने. हरकतीचं पत्र नाही की फोन नाही, माल त्यांच्या गोदामातून पुढे विकलाही गेला आणि बिल मात्र मंजुरीत अडकलेलं. व्याज मागायला जावं, तर पुढची ऑर्डर विसरा.

मग आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येणार नाहीत. मला वाटलं, आता तरी सुटलो. झालं काय? फोन आला की तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून असलेली सरकारी नोंद, रद्द करून घ्या, नाहीतर आम्हाला दुसरीकडून माल घ्यावा लागेल. मी नाही म्हणालो आणि काम गेलं. कायदा पाळायचा नाही, तर कायद्याने ज्याला संरक्षण दिलं त्यालाच यादीतून काढायचं, हा कसला तोल?

या काळात सूतवाला उधारीवर दर चढवून लावत होता आणि बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं व्याज चढत होतं. मागावरून उतरलेला टॉवेल कापून दोन्ही टोकं दुमडून शिलाई मारायची, सुटे धागे कातरायचे, हे काम आमच्याकडे बायका घरी करतात, डझनावर. शनिवार आला की अक्का हिशेबाची वही घेऊन दारात उभी राहते. तिला 'मंजुरी झाली नाही' असं मी सांगू शकत नाही, तिच्या घरात शनिवारच्या पैशावर रविवारचा बाजार होतो. तिला कधी थांबवलं नाही. पण वरून दर वाढला नाही म्हणून तिच्या डझनाचा दरही मी वाढवू शकलो नाही. ती गोष्ट मला आजही टोचते. तुमच्या लेखातल्या 'माणूस' या शब्दात ती बसते की नाही, एवढं लेखकाने सांगावं.

आणि हे शोधणं अवघड नव्हतं. शेअर बाजारातल्या आघाडीच्या १००० कंपन्यांना बाजाराची नियामक सेबी हिने २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे जबाबदारी आणि शाश्वततेचा वार्षिक अहवाल, सक्तीचा केला आहे. त्यात वीज-पाण्याचे आकडे असतात. शिवाय लघुउद्योगांकडून किती टक्के माल घेतला हे असतं, आणि आता तर पुरवठादारांचे पैसे सरासरी किती दिवसांनी चुकते होतात हेही द्यावं लागतं. वृक्षारोपणाचे तीन फोटो छापायला जागा होती, मग हा दिवसांचा आकडा छापायला का नव्हती? यापुढे कुठल्याही कंपनीला 'शाश्वत' म्हणताना तिच्या नावाखाली तेवढा एक आकडा छापा, ही कळकळीची विनंती.

जाता जाता आणखी एक. लेखासोबत 'सोलापुरी टॉवेल विणताना' म्हणून जो फोटो छापला आहे, तो हातमागावरच्या साडीचा आहे. टेरी टॉवेल आज यंत्रमागावर विणला जातो आणि त्याला ताण्याच्या धाग्यांचे दोन बीम (रूळ) लागतात, एक ताणून धरलेला आणि दुसरा सैल, ज्याच्या धाग्याचे फुगे उठतात. सोलापुरी चादर आणि टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. तरीही बाहेरच्या बाजारात भलताच माल आमच्या नावावर खपतो, त्याच्याशी आम्ही आधीच झगडतो आहोत. त्यात सोलापूरच्या आवृत्तीनेच चुकीचा फोटो छापावा, हे बरं नव्हे. येत्या रविवारी दुरुस्ती छापावी. खरा फोटो हवा असेल तर फोटोग्राफरला पाठवा, माग सुरूच असतात.

आपला,
एक यंत्रमागधारक, पूर्व भाग, सोलापूर
(नाव प्रसिद्ध करू नये)