नोंद कोणाच्या नावावर?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, कारण शेवटच्या सेमिस्टरचं प्रोजेक्ट गळ्याशी आलं होतं. काल एकदाचं सबमिट केलं. आज सकाळी उठलो तर हातात काहीच काम नाही. आधी टेबल आवरलं, मग तुझं पत्र काढून पुन्हा वाचलं.

तू विचारलंयस, कॉम्प्युटर इन्फर्मेशन सिस्टिम्समध्ये नक्की शिकवतात काय, आणि कॉम्प्युटर सायन्सला नंबर न लागलेल्यांचा हा कोर्स आहे का. दुसरा प्रश्न खवचट आहे, पण पहिल्या वर्षी मलाही तो रोज पडायचा, म्हणून राग नाही. खरा प्रश्न तू ताजा कलम म्हणून हळूच खाली सरकवलायस: इतकी वर्षं हिशेबात काढल्यावर आता ही डिग्री करायला बसावं का? त्याचं उत्तर देतो, पण जरा वळणावळणाने येईल.

कॉम्प्युटर सायन्सवाला विचारतो, ही यादी कमीत कमी किती पायऱ्यांत क्रमाने लावता येईल. आमच्याकडे विचारतात, ही यादी हवी कुणाला, कधी, आणि तिच्यातलं एक नाव चुकलं तर कुणाचं अडणार. विषय बरेचसे सामाईक आहेत: प्रोग्रामिंग, डेटाबेस, नेटवर्क, सिक्युरिटी. त्यांच्याकडचं कंपायलर, थिअरी ऑफ कम्प्युटेशन वगैरे आमच्याकडे सहसा नसतं किंवा नावापुरतं असतं. त्या जागी अकाउंटिंग, स्टॅटिस्टिक्स, मॅनेजमेंट आणि सिस्टिम ॲनालिसिस येतं. गणिताची तुला धास्ती आहे ना? स्टॅटिस्टिक्स आणि थोडं डिस्क्रीट मॅथ्स नीट केलंस तर निभावतं.

या विषयाची वंशावळही आपल्याला वाटते तशी प्रयोगशाळेतली नाही. १९५१ साली ब्रिटनमध्ये लायन्स नावाच्या कंपनीने स्वतःच्या कारभारासाठी लिओ नावाचा संगणक कामाला लावला. ही कंपनी चहाची दुकानं आणि बेकऱ्या चालवणारी! नेमाने चालणारं त्याचं पहिलं काम म्हणजे बेकरीच्या मालाच्या किमतीचा हिशेब. पहिल्या आठवड्यात हे ऐकलं तेव्हा मला उगाच कमीपणा वाटला होता. आता तेच अभिमानाने सांगतो.

पहिल्या सेमिस्टरमधली एक गोष्ट तुला नक्की आवडेल. सरांनी फळ्यावर लिहिलं, ०.१ अधिक ०.२, आणि म्हणाले मशीनला विचारा. मशीन म्हणालं ०.३०००००००००००००००४. वर्ग हसला. कारण असं की दशमान पद्धतीत जसा एकतृतीयांश कधी संपत नाही, ०.३३३ चालूच राहतं, तसाच मशीनच्या द्विमान पद्धतीत, जिथे फक्त ० आणि १ असतात, एकदशांश संपत नाही. कुठेतरी तोडावा लागतो आणि ती तोडलेली कड बेरजेत डोकं वर काढते. म्हणून पैशाचे आकडे असे ठेवायचेच नाहीत. लहानात लहान नाण्याच्या पूर्ण संख्येत तरी ठेवायचे, नाहीतर डेसिमल प्रकारात, म्हणजे आकडा दशमान पद्धतीनेच साठवणाऱ्या प्रकारात. माझा पहिला बिलाचा प्रोग्राम याच कारणाने परत आला होता. तेरीज एका नाण्याने जुळली नाही तर तुझी काय अवस्था होते ते मी पाहिलंय, तेव्हा तू ही चूक केली नसतीस.

आता माझ्या लाडक्या विषयावर येतो. डेटाबेसच्या तासाला ट्रान्झॅक्शन शिकवतात. एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी वीज गेली, तर काय? नियम असा की दोन्ही घडेल किंवा काहीच घडणार नाही, अर्धवट चालणार नाही. अर्ध्या वर्गाला हे पचायला दोन तास लागले. तुला दोन मिनिटं लागणार नाहीत, कारण नावे आणि जमा एकत्रच पडलं पाहिजे हे तुझ्या बोटांत मुरलंय. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने दुहेरी नोंदीची पद्धत व्हेनिसमध्ये छापून प्रसिद्ध केली ती १४९४ साली, आणि व्यापारी तर ती त्याआधीपासून वापरत होते. पुढे ऐक. डेटाबेस हे पाळतो कसं? बदल मूळ जागी करण्याआधी तो एका लॉगमध्ये ओळीने लिहून ठेवतो. मध्येच बंद पडला, तर उठल्यावर लॉग वाचतो, पूर्ण झालेले व्यवहार मूळ जागी उतरवतो, अर्धवट राहिलेले पुसतो. म्हणजे आधी रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची वही), मग खतावणी (खातेवार वही)! हे कळलं त्या दिवशी मी तुला फोन करणार होतो, पण रात्रीचे दीड वाजले होते.

डेटाबेसमधली माहिती टेबलांत, म्हणजे तक्त्यांत, ठेवण्याच्या कल्पनेमागे एडगर कॉड नावाचा आयबीएममधला गणिती आहे. त्याचा निबंध १९७० सालचा. त्याआधीच्या डेटाबेसमध्ये माहिती कोणत्या फांदीवरून कोणत्या फांदीवर गेल्यावर सापडेल ही वाट प्रोग्राम लिहिणाऱ्याला ठाऊक असावी लागे. वाट बदलली की प्रोग्राम मोडला. कॉडचं म्हणणं असं की माहिती साध्या तक्त्यांत मांडा, काय हवं ते सांगा, कसं शोधायचं ते यंत्राला बघू दे. त्याच तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा एसक्यूएल. आणि नॉर्मलायझेशन म्हणून जे नाव ऐकून लोक घाबरतात त्याचा अर्थ एवढाच की एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी. पत्ता सहा जागी लिहिलास तर माणूस घर बदलल्यावर पाच जागी बदलशील आणि सहाव्या पत्त्यावर पत्र जाईल.

आता प्रोजेक्टची हकीकत. ही जरा लांब आहे, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर हिच्यातच कुठेतरी आहे.

आम्ही चौघांनी एका छोट्या ग्रंथालयाची देवघेव संगणकावर आणायचं ठरवलं. सिस्टिम ॲनालिसिसमध्ये शिकवतात की आधी जाऊन काम बघा, माणसांशी बोला. आम्ही गेलो, काउंटरवरच्या काकांना वीसेक प्रश्न विचारले, त्यांनी शांतपणे उत्तरं दिली, आम्ही आकृत्या काढल्या. (आकृत्यांचं मला अजीर्ण झालंय. डेटा कुठून कुठे वाहतो त्याची एक, तक्त्यांच्या नात्यांची एक, ती पीटर चेनने १९७६ साली मांडलेल्या पद्धतीची, शिवाय आणखी चार. प्रत्येक आकृतीत बाणाचं टोक बदललं की मार्क जातात.) देवघेवीच्या तक्त्यात सभासद क्रमांक सक्तीचा ठेवला. सभासदाशिवाय पुस्तक जाईलच कसं?

पंधरा दिवसांनी अहवाल काढला तर एकाच सभासदाच्या नावावर तेवीस पुस्तकं. तो सभासद म्हणजे खुद्द काका! विचारलं तर त्यांनी जुन्या रजिस्टरचं शेवटचं पान उघडून दाखवलं. पेन्सिलने लिहिलेल्या नोंदी, काही खोडलेल्या, काहींपुढे नुसतं "उंच मुलगा, परीक्षा". ज्यांच्याकडे कार्ड नाही पण पुस्तकाची निकड आहे, त्यांना ते असंच पुस्तक देत होते. आमचा स्क्रीन सभासद क्रमांकाशिवाय पुढे सरकत नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःचा क्रमांक टाकला. आमच्या वीस प्रश्नांत हा एक प्रश्न नव्हता: नियमात न बसणारा माणूस आला तर तुम्ही काय करता?

मग आम्ही शहाणपणा केला आणि तो रकाना रिकामा ठेवायची मुभा दिली. रिकाम्याला डेटाबेसमध्ये नल म्हणतात. आठवड्याने एकही पुस्तक न नेलेल्या सभासदांची यादी हवी होती. मी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहिली: देवघेवीच्या तक्त्यातल्या क्रमांकांत नसलेले सगळे सभासद दे, म्हणजे "नॉट इन". उत्तर आलं शून्य ओळी. एरर नाही, इशारा नाही. नुसतं शून्य. निदान चाळीस सभासद कधी फिरकलेही नव्हते, हे काकांना तोंडपाठ होतं.

रात्रभर डोकं आपटलं. कोड लिहून देणाऱ्या एआयलाही विचारलं. त्याने मला माझीच क्वेरी सुबक रचून परत दिली. पहाटे कळलं. नल म्हणजे शून्य नव्हे आणि कोरी जागाही नव्हे, नल म्हणजे "माहीत नाही". सात क्रमांकाचा सभासद या यादीत नाही ना, असं विचारलं आणि यादीत एक जरी "माहीत नाही" असला, तर डेटाबेस म्हणतो, तो माहीत नसलेला कदाचित हाच सात असेल, मला सांगता येत नाही. आणि "सांगता येत नाही" अशी ओळ तो निवडत नाही. असं प्रत्येक सभासदाबाबत. म्हणजे कार्ड नसलेल्या त्या उंच मुलाच्या एका नोंदीमुळे माझी सगळी यादी पुसली गेली होती, आणि तर्काने बघशील तर डेटाबेसचं काही चुकलं नव्हतं. "नॉट एक्झिस्ट्स" (अशी नोंदच नाही ना, असं विचारणारा प्रकार) वापरून क्वेरी पाच मिनिटांत सुधारली. पण खरी दुरुस्ती ती नव्हे. शेवटी आम्ही "पाहुणा" असा सभासदाचा वेगळा प्रकारच केला: नाव, एखादी खूण, परत करायची तारीख, बस.

अशाच न विचारलेल्या प्रश्नामुळे १९९९ साली मंगळाजवळ नासाचं एक यान हातचं गेलं. एका सॉफ्टवेअरने धक्क्याचा आकडा पौंड-सेकंदांत दिला, दुसऱ्याने तो न्यूटन-सेकंद समजून घेतला. आमचं नुकसान म्हणजे एक रात्र आणि दोन मार्क, तेव्हा तुलना फार ताणत नाही.

ग्रुप प्रोजेक्टबद्दल एवढंच सांगतो की चौघांत दोघं काम करतात आणि सादरीकरणाला चौघं इस्त्रीचे कपडे घालून येतात. उशीर झालाय म्हटल्यावर आम्ही आणखी दोघांना सामील करून घ्यायला निघालो होतो. सरांनी फ्रेड ब्रूक्स या संगणकतज्ज्ञाचा १९७५ सालचा इशारा ऐकवला, की रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर जादा माणसं घातली की ते आणखी रखडतं. चार माणसांत बोलण्याच्या सहा जोड्या होतात, सहांत पंधरा. आम्ही चौघंच राहिलो. नेटवर्कचा विषय मी पाठ करून पास झालो, नेटवर्कचं काम ज्या सात थरांत विभागून शिकवतात ते सात लेयर अजून झोपेत म्हणतो, त्याबद्दल माझ्याकडून काही शिकू नकोस.

तक्रारीही आहेत. अभ्यासक्रमातली काही साधनं बाहेर केव्हाच मागे पडलीत. मॅनेजमेंटच्या पेपरात उत्तर जितकं लांब तितके मार्क. आणि दोन खुर्च्यांवर बसल्यासारखं होतं: प्रोग्रामर म्हणतात तुम्ही मॅनेजमेंटवाले, मॅनेजमेंटवाले म्हणतात तुम्ही कॉम्प्युटरवाले. मुलाखतीत दर वेळी डिग्रीचं नाव फोडून सांगावं लागतं. बिझनेस ॲनालिस्ट, सिस्टिम ॲनालिस्ट, डेटाबेस सांभाळणारा अशा कामांना ती चालते. निव्वळ प्रोग्रामिंग करायचं असेल तर मात्र कोर्सबाहेर पुष्कळ सराव लागतो. मी कमी केला, आता भोगतोय.

तर तुझा ताजा कलम. मला वाटतं तू ये. वयाचं कारण सांगू नकोस, आमच्या वर्गात नोकरी करून शिकणारे तिघं आहेत आणि ॲनालिसिसच्या तासाला तेच बोलतात, बाकीचे वही भरतात. चुकीची नोंद खोडायची नाही, उलट नोंद करून फिरवायची, ही तुझी सवय इथे सोन्यासारखी आहे. आम्ही पहिलं वर्षभर बिनदिक्कत डिलीट मारत होतो. पण प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रम मागवून घे आणि तीनच गोष्टी बघ. डेटाबेसचे पेपर एकापेक्षा जास्त आहेत का? स्टॅटिस्टिक्स आहे का? आणि शेवटचं प्रोजेक्ट खऱ्या माणसांकडे जाऊन करायचं आहे की वर्गातच काल्पनिक हॉस्पिटल, काल्पनिक हॉटेल? तिसऱ्याचं उत्तर "वर्गातच" असेल तर दुसरी जागा शोध. महागडा लॅपटॉप घेऊ नकोस. एसक्यूलाइट फुकट आहे, सगळा डेटाबेस एका फाइलीत मावतो. तुझ्या कीर्दीतलं एक पान घे, त्याचे तक्ते किती आणि कोणते करशील ते कागदावर मांडून मला पाठव. निष्ठुरपणे तपासून परत करीन.

परवा काकांकडे शेवटची सही घ्यायला गेलो होतो. पाहुण्यांच्या नोंदी आता ते संगणकावरच करतात, तरी पेन्सिलचं ते पान चालूच आहे. मी म्हटलं, आता कशाला? म्हणाले, "तुमचं ते बंद पडलं तर?" मी त्यांना लॉगबद्दल सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते पान म्हणजे लॉगच की.

गुरुवारी व्हायवा आहे. बाहेरचे परीक्षक येणार आहेत आणि नलवर विचारणार अशी आमच्यात अफवा आहे. विचारू देत. शुक्रवारनंतर मी मोकळा आहे, तेव्हा कीर्दीचं पान त्याआधी पाठवलंस तरी बघणार नाही, पण पाठव.

तुझाच,
दीड वाजता फोन न केलेला